लॉस एंजेलिसच्या शाळांसाठी मतदारांनी दिलेला कौल: तो कसा वाचायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. जानेवारी २०१९ मध्ये लॉस एंजेलिसच्या सरकारी शाळांमधल्या शिक्षकांनी संप केला, शहरभर त्यांना सहानुभूती मिळाली, आणि पाच महिन्यांच्या आत त्याच शाळांसाठी मांडलेला नवा कर मतदारांनी पाडला. पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये ७०० कोटी डॉलरचं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ९०० कोटी डॉलरचं कर्ज मात्र त्यांनी मोठ्या फरकानं मंजूर केलं. मतदारांचं मन एवढं कसं फिरलं? आणि असे निकाल स्वतः तपासायचे असतील तर सुरुवात कुठून करावी?

मन फिरलं हे गृहीतच धरू नका. या तीन दिवशी मत द्यायला आलेली माणसं वेगळी होती, मंजुरीची रेषा वेगळी होती आणि पैसा कोणाच्या खिशातून किती जाणार हा हिशेबही वेगळा होता. हे तिन्ही फरक बाजूला काढल्यावर जे उरतं त्यालाच मतदारांचं मत म्हणता येईल, आणि ते बातम्यांच्या मथळ्यांवरून वाटतं त्यापेक्षा बरंच स्थिर आहे.

आधी शाळा-जिल्हा म्हणजे काय ते स्पष्ट करायला हवं, कारण आपल्याकडे अशी व्यवस्था नाही. मुंबईत पालिकेच्या शाळा पालिका चालवते, शिक्षण समितीत नगरसेवक बसतात, आणि घरपट्टीच्या बिलात शिक्षण उपकराची ओळ असते. ती ओळ असावी का, किती असावी, हे मतदाराला वेगळं कोणी विचारत नाही. लॉस एंजेलिस युनिफाइड स्कूल डिस्ट्रिक्ट (पुढे एलएयूएसडी) ही महापालिकेपासून स्वतंत्र संस्था आहे. तिचं सात जणांचं मंडळ लोक थेट निवडतात, आणि तिला नवा कर किंवा मोठं कर्ज हवं असेल तर मतपत्रिकेवर जाऊन परवानगी घ्यावी लागते. महापौराला तिच्यावर अधिकार नाही. २००६ मध्ये तत्कालीन महापौर अँटोनियो व्हियारायगोसा यांनी राज्याच्या विधिमंडळातून तो मिळवायचा प्रयत्न केला, पण न्यायालयानं तो कायदा रद्द ठरवला. पटसंख्येत न्यूयॉर्क पहिलं आणि एलएयूएसडी दुसरं. पण न्यूयॉर्कच्या शाळा महापौराच्या हाताखाली असल्यानं निवडून आलेलं मंडळ असणारा देशातला सर्वांत मोठा जिल्हा हाच.

त्याची हद्द आणि शहराची हद्द एक नाही, आणि नवख्या विश्लेषकाची पहिली चूक इथेच होते. सातशेहून जास्त चौरस मैलांच्या या जिल्ह्यात लॉस एंजेलिस शहराबरोबर हंटिंग्टन पार्क, साउथ गेट, बेल, कडही, मेवुड, सॅन फर्नांडो, वेस्ट हॉलिवुड, कार्सन अशी दोन डझनांहून अधिक छोटी शहरं पूर्ण किंवा अंशतः येतात. उलट बरबँक, ग्लेनडेल, पॅसाडिना, सँटा मोनिका, बेव्हर्ली हिल्स, कल्व्हर सिटी यांचे स्वतःचे शाळा-जिल्हे आहेत. म्हणून महापौराच्या निवडणुकीचा नकाशा घेऊन त्यावर शाळांच्या मतदानाचे आकडे बसवू नयेत. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मराठी मंडळींसाठी एक व्यवहाराची गोष्ट: 'आम्ही एलएत राहतो' म्हणणाऱ्या अनेकांच्या मतपत्रिकेवर एलएयूएसडी नसतंच. आर्टेशिया-सेरिटॉसचा भाग एबीसी युनिफाइडमध्ये येतो, आणि अर्वाइन तर वेगळ्या काउंटीत, वेगळ्या जिल्ह्यात. आपला पत्ता कोणत्या जिल्ह्यात आहे हे मालमत्ता कराच्या बिलावर दिसतं. तिथे कोणत्या शाळा-जिल्ह्याचे कर्जरोखे (मालमत्ता करातून फेडलं जाणारं कर्ज) लागू आहेत ते ओळीनं छापलेलं असतं.

आता मंजुरीच्या रेषेबद्दल. सगळ्याचं मूळ जून १९७८ च्या प्रपोझिशन १३ या राज्यव्यापी मतप्रस्तावात आहे. त्यानं मालमत्ता कर करपात्र मूल्याच्या एक टक्क्यावर बांधला, ते मूल्य वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्के वाढेल असं ठरवलं (घर विकलं गेलं की मात्र नव्या किमतीपासून मोजणी सुरू), आणि स्थानिक विशेष करांना दोन-तृतीयांश मतांची अट घातली. शाळांच्या कर्जरोख्यांनाही दोन-तृतीयांशच लागत. ही अट सैल करायचा एक प्रयत्न, म्हणजे साध्या बहुमताचा प्रस्ताव, मार्च २००० मध्ये पडला. मग नोव्हेंबर २००० मध्ये प्रपोझिशन ३९ आलं. त्यानं शाळांच्या बांधकामाच्या कर्जरोख्यांसाठी रेषा ५५ टक्क्यांवर आणली, आणि ते स्वतः ५३ टक्क्यांच्या आसपास मतांनी मंजूर झालं, कारण राज्यघटनेतल्या दुरुस्तीला साधं बहुमत पुरतं.

ही सवलत फुकट मिळत नाही. ५५ टक्क्यांच्या मार्गानं जायचं तर मंडळाच्या दोन-तृतीयांश सदस्यांचा ठराव लागतो, कामांची यादी जाहीर करावी लागते, नागरिकांची देखरेख समिती नेमावी लागते, दरवर्षी हिशेब तपासणी होते, पैसा पगारावर खर्च करता येत नाही, आणि युनिफाइड (प्राथमिक ते बारावी एकत्र असलेल्या) जिल्ह्यासाठी एका वेळच्या कर्जाचा अंदाजित बोजा एक लाख डॉलर करपात्र मूल्यामागे वर्षाला ६० डॉलरच्या आत ठेवावा लागतो. शिवाय मतदान नियमित निवडणुकीच्या किंवा राज्यव्यापी मतदानाच्या दिवशीच घ्यावं लागतं. ही शेवटची अट लक्षात ठेवा. निम्मं उत्तर तिच्यात दडलेलं आहे. कारण पगारासाठी, वर्गातल्या मुलांची संख्या कमी करण्यासाठी, नर्स आणि ग्रंथपाल नेमण्यासाठी जो पैसा लागतो तो कर्जरोख्यांतून येऊ शकत नाही. त्यासाठी पार्सल कर (मालमत्तेच्या किमतीवर नव्हे, तर प्रत्येक नोंदलेल्या तुकड्यावर, म्हणजे पार्सलवर, बसणारा कर) लागतो, त्याला जिल्ह्यानं मांडल्यास दोन-तृतीयांश मतं लागतात, आणि त्याला नियमित दिवसाचं बंधन नसल्यामुळे तो मध्येच एखाद्या स्वतंत्र मतदानात घुसवण्याचा मोह होतो.

जून २०१९ मध्ये नेमकं हेच झालं. संप १४ ते २२ जानेवारी, शाळेचे सहा दिवस. करारात वर्गसंख्या कमी करण्याचं, नर्स वाढवण्याचं आश्वासन होतं आणि त्यासाठी दरवर्षी लागणारा पैसा हवा होता. सहानुभूती ताजी असतानाच कौल घ्यावा म्हणून मेझर ईई (मेझर म्हणजे स्थानिक मतपत्रिकेवरचा प्रस्ताव) ४ जून २०१९ ला मांडण्यात आला: बांधकामाच्या दर चौरस फुटाला १६ सेंट, १२ वर्षांसाठी, वर्षाला अंदाजे ५० कोटी डॉलर. ज्येष्ठ नागरिकांना आणि काही अपंग घरमालकांना सूट मागता येणार होती. मिळाली ४५.७ टक्के मतं. म्हणजे दोन-तृतीयांशाची अट नसती, साध्या बहुमताची असती, तरीही तो पडलाच असता. 'कॅलिफोर्नियाच्या जाचक नियमामुळे ईई पडला' असं कोणी लिहिलं तर ते चूक आहे.

तो नियम जाचक ठरला तो जून २०१० मध्ये. मेझर ई नावाचा पार्सल कर, प्रत्येक पार्सलला वर्षाला १०० डॉलर, चार वर्षांसाठी. निम्म्याहून जास्त मतं मिळूनही तो नापास झाला. याचा अर्थ, दोन्ही कर 'पडले' या एकाच शब्दाखाली टाकले की मतदारांबद्दलची सर्वांत महत्त्वाची माहिती हातातून जाते. २०१० च्या कराच्या बाजूनं बहुमत होतं, २०१९ च्या नव्हतं. निकाल नोंदवताना 'मंजूर' किंवा 'नामंजूर' हा रकाना ठेवा, पण त्याच्या शेजारी प्रत्यक्ष टक्केवारी आणि लागणारी टक्केवारी असे दोन वेगळे रकाने हवेतच.

आता कर बसतो कसा ते पाहू. लोक या भागावरून घाईघाईनं पुढे जातात, पण माझ्या मते ईई समजायचा तर किल्ली इथेच आहे. एकाच गल्लीत शेजारी शेजारी दोन घरं धरा, दोन्ही १५०० चौरस फुटांची. एक कुटुंब १९८० च्या सुमारास आलेलं. प्रपोझिशन १३ मुळे त्यांच्या घराचं करपात्र मूल्य समजा दीड लाख डॉलर आहे. शेजारचं घर अलीकडे विकलं गेलं, मूल्य नऊ लाख. कर्जरोख्याचा बोजा करपात्र मूल्यावर पडतो. २०२४ च्या मेझर यूएसचा, म्हणजे ९०० कोटींच्या कर्जाचा, अंदाज एक लाखामागे सुमारे २५ डॉलर होता. म्हणजे जुन्या घराला वर्षाला साडेसदतीस डॉलर आणि नव्याला २२५. ईईच्या हिशेबानं दोघांनाही सारखेच, १५०० गुणिले १६ सेंट, म्हणजे २४० डॉलर.

जुन्या घरमालकाच्या जागी बसून बघा. कर्जरोखा त्याला महिन्याला तीन-सव्वातीन डॉलरला पडतो, पार्सल कर वीस डॉलरला. आणि कमी मतदानाच्या दिवशी हमखास मत द्यायला येतो तो हाच माणूस. ज्येष्ठांना सूट होती हे खरं, पण ती आपोआप लागू होणारी नव्हती, अर्ज करावा लागणार होता. आणि अजून पासष्टी न गाठलेल्या जुन्या मालकांना तर तीही नव्हती. व्यापारी मालमत्तांचं दुखणं निराळं होतं. गोदाम, मॉल, कार्यालयांच्या इमारती यांचं क्षेत्रफळ प्रचंड, त्यामुळे बोजाही प्रचंड. लॉस एंजेलिसमधली प्रमुख उद्योजक संघटना आणि हॉवर्ड जार्व्हिस टॅक्सपेअर्स असोसिएशन ही प्रपोझिशन १३ ची वारसदार संस्था विरोधात उतरली ती या हिशेबामुळे. कर्जरोख्यांच्या बाबतीत उद्योजकांची भूमिका सहसा इतकी कडवी नसते, कारण बांधकामाची कंत्राटं स्थानिक अर्थव्यवस्थेत फिरतात. भाडेकरूला यातला कोणताच कर थेट भरावा लागत नाही, आणि लॉस एंजेलिसमध्ये निम्म्याहून जास्त घरं भाड्याची आहेत. पण भाडेकरू मत द्यायला येतो कधी?

इथे मतदारवर्गाचा मुद्दा येतो. जून २०१९ च्या त्या मंगळवारी जिल्ह्याच्या बहुतेक भागात मतपत्रिकेवर ईईखेरीज काहीच नव्हतं. अपवाद शहराच्या बाराव्या प्रभागाचा: चॅट्सवर्थ, नॉर्थरिज, पोर्टर रँच, ग्रॅनाडा हिल्स हा सॅन फर्नांडो व्हॅलीचा वायव्य कोपरा, जिथे त्याच दिवशी नगरसेवकाची पोटनिवडणूक होती. हा घरमालकांचा आणि शहराच्या मानानं पुराणमतवादी भाग. म्हणजे जिथे विरोध अपेक्षित होता तिथल्याच मतदारांना बाहेर पडायला जादा कारण मिळालं. एकूण नोंदणीकृत मतदारांपैकी साधारण आठातला एक आला. उलट नोव्हेंबर २०२० मध्ये लॉस एंजेलिस काउंटीत ७६ टक्क्यांच्या आसपास मतदान झालं, प्रत्येक नोंदणीकृत मतदाराला घरपोच मतपत्रिका गेली होती, आणि त्या दिवशी मेझर आरआर, ७०० कोटींचा कर्जरोखा, ७१ टक्क्यांच्या आसपास मतांनी मंजूर झाला. २०२४ चा मेझर यूएस हाही अध्यक्षीय निवडणुकीच्या दिवशीच होता. त्याला दोन-तृतीयांशांच्या घरात मतं पडली, लागत होती ५५ टक्के.

पण 'जास्त मतदान म्हणजे शाळांचा विजय' असं सूत्र बांधू नका. लॉस एंजेलिसचाच इतिहास ते खोटं ठरवतो. प्रपोझिशन बीबी, २४० कोटी डॉलरचा कर्जरोखा, नोव्हेंबर १९९६ मध्ये, म्हणजे अध्यक्षीय निवडणुकीच्या दिवशी, दोन-तृतीयांशाच्या अगदी काठावर येऊन जेमतेम पडला. तोच एप्रिल १९९७ मध्ये महापौराच्या निवडणुकीबरोबर, कितीतरी कमी मतदानात, ७१ टक्क्यांच्या आसपास मतांनी मंजूर झाला. तेव्हा ५५ टक्क्यांची सवलत नव्हती. त्यानं दोन-तृतीयांशाचा अडथळा पार केला. छपरं गळत होती, वर्ग कोंदट होते आणि ते लोकांना दिसत होतं. पैशावर बाहेरच्या नागरिकांची समिती लक्ष ठेवणार होती. पैसा कशावर जाणार हे डोळ्यांना दिसतं तेव्हा कमी मतदानातही कौल बाजूनं जाऊ शकतो. ईईत नेमकं हे नव्हतं: पैसा जिल्ह्याच्या सर्वसाधारण तिजोरीत जाणार, आणि त्यातून निवृत्तांच्या आरोग्यविम्याची जुनी देणी भागवली जातील की नर्स नेमल्या जातील याची खात्री मतदाराला देता आली नाही.

बीबीनंतरचा पट बघितला की कर्जरोख्यांबाबत मतदार किती सातत्यानं वागतो ते कळतं. २००२ मध्ये मेझर के ३३५ कोटी, मार्च २००४ मध्ये मेझर आर ३८७ कोटी, नोव्हेंबर २००५ मध्ये मेझर वाय सुमारे ३९८ कोटी, नोव्हेंबर २००८ मध्ये मेझर क्यू ७०० कोटी. सगळे मंजूर, सगळे ५५ टक्क्यांच्या बरेच वर. क्यू तर आर्थिक संकट ऐन भरात असताना. या काळात जिल्ह्याची पटसंख्या सात लाखांच्या वर जाऊन पुढे सतत घटत गेली, म्हणजे शाळेत मूल असलेली घरं कमी होत गेली, तरी इमारतींसाठीचा कौल ढळला नाही. यावर माझं ठाम मत असं की लॉस एंजेलिसचा मतदार शाळांविरुद्ध कधीच नव्हता. तो विटा-सिमेंटला हो म्हणतो आणि पगाराला थबकतो. आणि त्याला थबकवणारी गोष्ट बहुतेक वेळा शिक्षकांबद्दलचा राग नसून प्रस्तावाची रचना असते. नोव्हेंबर २०२० च्याच मतपत्रिकेवर व्यापारी मालमत्तांचं मूल्य बाजारभावानं धरण्याचं प्रपोझिशन १५ होतं, ज्याचा मोठा वाटा शाळांना मिळाला असता. ते राज्यभरात ४८ टक्क्यांवर अडकलं. प्रपोझिशन १३ च्या चौकटीला हात लावला की काय होतं ते यात दिसतं.

मंडळाच्या निवडणुका ही वेगळी गोष्ट आहे आणि तिथे मतदारवर्गाचा प्रश्न आणखी टोकाला जातो. सातही सदस्य आपापल्या विभागातून निवडले जातात. एकेका विभागात लोकवस्ती जवळपास सात लाख, म्हणजे आपल्याकडच्या विधानसभा मतदारसंघाहून मोठी. पूर्वी या निवडणुका विषम वर्षांत मार्च आणि मे महिन्यांत, शहराच्या निवडणुकांबरोबर होत. २०१७ मध्ये सनदी (चार्टर, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या) शाळांच्या समर्थकांनी आणि शिक्षक संघटनेनं मिळून दीड कोटी डॉलरच्या आसपास पैसा ओतला. मे महिन्याच्या दुसऱ्या फेरीत मंडळाचे तत्कालीन अध्यक्ष स्टीव्ह झिमर यांचा निक मेल्वॉइन यांनी सहज पराभव केला. मतदानाचं प्रमाण तेव्हा अगदीच तुटपुंजं होतं. दोनच वर्षांनी, संपानंतर, मे २०१९ च्या पोटनिवडणुकीत शिक्षक संघटनेच्या पाठिंब्यावर जॅकी गोल्डबर्ग ७० टक्क्यांहून जास्त मतांनी निवडून आल्या. तीनच आठवड्यांनी ईई पडला.

गोल्डबर्ग यांचा विजय आणि ईईचा पराभव यांत वरवर विसंगती दिसते, पण या दोन गोष्टींची तुलना करणंच अवघड आहे. पाचवा विभाग ईगल रॉक, हायलँड पार्कसारखे ईशान्येकडचे भाग आणि हंटिंग्टन पार्क, साउथ गेटसारखी आग्नेयेकडची छोटी शहरं यांना चिंचोळ्या पट्ट्यानं जोडून बनलेला होता. तो जिल्ह्याचा सातवा हिस्सा आहे, आणि तोही डावीकडे झुकलेला. ज्यांना तुलना करायचीच असेल त्यांनी ईईची मतं फक्त त्या विभागातल्या मतदानकेंद्रांपुरती काढावीत आणि मग दोन्ही आकडे शेजारी ठेवावेत.

मार्च २०१५ मध्ये मतदारांनी या निवडणुका सम वर्षांत हलवण्याची, शहराच्या सनदेतली (मूळ कायद्यातली) दुरुस्ती मंजूर केली. २०२० पासून त्या राज्य आणि देशाच्या निवडणुकांबरोबर होतात. मतदान वाढलं, पण नवा प्रश्न आला: मतपत्रिका इतकी लांब की खाली पोचेपर्यंत अनेक जण थकतात. नोव्हेंबर २०२४ च्या मतपत्रिकेवर राज्याचे दहा प्रस्ताव होते, वर अध्यक्ष, सिनेट, काँग्रेस, न्यायाधीश, काउंटी आणि शहराचे प्रस्ताव. म्हणून मंडळाची मतं वाचताना भाजक कोणता हे आधी ठरवा. समजा एका केंद्रात १००० नोंदणीकृत मतदार, ७०० मतपत्रिका आल्या, मंडळाच्या जागेसाठी मतं पडली ५६०, त्यांतली ३०८ एका उमेदवाराला. त्याला ५५ टक्के मिळाले असं निकालपत्र म्हणेल. आलेल्या मतपत्रिकांच्या ते ४४ टक्के आहेत आणि नोंदणीच्या ३१ टक्केही नाहीत. तिन्ही आकडे खरे आहेत. एका लेखात एकदा हा, एकदा तो वापरला की घोटाळा होतो.

आता प्रत्यक्ष आकड्यांकडे. काउंटीचं रजिस्ट्रार-रेकॉर्डर कार्यालय प्रत्येक निवडणुकीचं केंद्रनिहाय मतविवरण देतं, प्रत्येक लढतीची वेगळी फाइल. उघडल्यावर प्रत्येक केंद्रासाठी तीन ओळी दिसतात: प्रत्यक्ष येऊन दिलेली मतं, टपालाची मतं आणि एकूण. रकान्याची सरसकट बेरीज मारली की सगळं बरोबर दुप्पट येतं, आणि टक्केवारी मात्र तीच राहते म्हणून चूक लक्षात येत नाही. आधी फक्त 'एकूण' असलेल्या ओळी गाळून घ्या, त्यांची बेरीज प्रमाणित निकालाशी एकेका मतापर्यंत जुळवा, आणि जुळेपर्यंत पुढे जाऊ नका.

दुसरी अडचण केंद्रांची. फार कमी मतदार असलेली केंद्रं शेजारच्यात विलीन करून मोजली जातात, आणि हे विलीनीकरण प्रत्येक निवडणुकीत बदलतं. त्यामुळे २०१९ चा केंद्र क्रमांक २०२४ च्या त्याच क्रमांकाशी जोडायचा नाही. २०२१ मध्ये मंडळाच्या विभागांच्या सीमाही बदलल्या. दोन निवडणुका जोडायच्या तर दोन्ही वेळचे नकाशे घेऊन मतं जनगणनेच्या गटांवर वाटावी लागतात, तीही क्षेत्रफळाच्या प्रमाणात नाही, मतदारांच्या प्रमाणात. व्हॅलीतल्या डोंगराळ भागात अर्धं केंद्र रिकामं असतं; क्षेत्रफळानं वाटलं की मतं झुडपांना जातात. याच कारणानं रंगवलेला नकाशाही फसवतो. डोंगरावरचं विरळ वस्तीचं एक केंद्र दाट वस्तीच्या कोरियाटाउनच्या दहा केंद्रांहून मोठं दिसतं. रंगाऐवजी मतांच्या संख्येनुसार लहान-मोठे ठिपके काढा.

२०२० पासून मतदार काउंटीतल्या कुठल्याही केंद्रावर मत देऊ शकतो, पण ते मत त्याच्या राहत्या पत्त्याच्या केंद्रातच मोजलं जातं. त्यामुळे जुन्या पद्धतीशी तुलना शक्य आहे. बदललं आहे ते टपालाचं प्रमाण. 'टपाली मतदार म्हणजे वयस्क घरमालक' हे समीकरण २०१९ पर्यंत बरंचसं चालायचं. आता बहुतेक सगळेच टपालानं देतात, तेव्हा ते सोडून द्या. मतदानाच्या दिवसापर्यंतचा शिक्का असलेली टपाली मतं नंतर पोचली तरी मोजली जातात, आणि प्रमाणित निकालाला महिनाभर लागू शकतो. शेवटी मोजल्या जाणाऱ्या मतांत तरुण आणि भाडेकरू जास्त असतात, म्हणून काठावरच्या लढतींत पहिल्या रात्रीचा आकडा सरकतो. त्या रात्रीच्या आकड्यांवर 'कोणत्या भागानं कसं मत दिलं' याचं विश्लेषण करणं म्हणजे अर्ध्या धान्याचं वजन करून पिकाचा अंदाज सांगणं.

सर्वांत नाजूक भाग म्हणजे 'कोणत्या समाजानं कसं मत दिलं'. मतपत्रिका गुप्त असते. मतदारयादीवरून कोणी मत दिलं हे कळतं, कोणाला दिलं हे कधीच नाही. केंद्रातले ८० टक्के रहिवासी लॅटिनो आहेत म्हणून केंद्रातली मतंही ८० टक्के लॅटिनोंची आहेत असं नसतं. लहान मुलं, नागरिकत्व नसलेले, नोंदणी नसलेले आणि न आलेले वजा केले की तो आकडा ५० वर येऊ शकतो. म्हणून सगळी लोकसंख्या घेऊ नका. किमान १८ वर्षांवरच्या नागरिकांचा तक्ता घ्या, आणि शक्य असेल तर त्या दिवशी खरोखर मत दिलेल्यांची यादी. यादीत वंश लिहिलेला नसतो, तो आडनावांच्या तक्त्यावरून अंदाजतात, आणि ही चाळणी लॉस एंजेलिसमध्ये गळकी आहे. फिलिपिनो कुटुंबांची स्पॅनिश आडनावं लॅटिनो म्हणून मोजली जातात. गोव्याकडची परेरा, फर्नांडिस, डिकॉस्टा ही आडनावंही चुकीच्या गटात जाऊ शकतात. आडनावाबरोबर परिसराची माहिती जोडली की चूक कमी होते, शून्य होत नाही.

अशा केंद्रनिहाय आकड्यांवरून गटांचा कल काढायला साधी प्रतिगमन रेषा (आकड्यांच्या ठिपक्यांमधून काढलेली सरळ रेषा) पुरत नाही. एकजिनसी केंद्रं सोडली तर ती शंभराच्या वर किंवा शून्याखाली जाणारे हास्यास्पद आकडे देते. त्यासाठी 'इकॉलॉजिकल इन्फरन्स' (केंद्राच्या एकत्रित आकड्यांवरून त्यातल्या गटांचा कल काढणं) या नावाच्या पद्धती आहेत, ज्या प्रत्येक केंद्रातल्या शक्य-अशक्य मर्यादा आधी बांधून घेतात. त्या वापरल्या तरी उत्तर एका आकड्यात देऊ नका, पट्टा द्या. आणि घरमालक-भाडेकरू हा फरक तपासायचा असेल तर काउंटी असेसरच्या (मालमत्तांचं करपात्र मूल्य ठरवणाऱ्या कार्यालयाच्या) नोंदी वापरा: प्रत्येक पार्सलचं क्षेत्रफळ, करपात्र मूल्य आणि मालक स्वतः तिथे राहतो म्हणून मिळणारी ७००० डॉलरची सूट तिथे नोंदलेली असते. ही सूट असलेला पत्ता म्हणजे मालक राहत असलेलं घर. ती नाही म्हणजे भाड्याचंच असं मात्र नाही, कारण अनेक जण सूट मागतच नाहीत. ईईसाठी याहून उपयोगी आकडा एकच: केंद्रातल्या घरांना चौरस फुटांच्या हिशेबानं किती पडलं असतं आणि कर्जरोख्याच्या हिशेबानं किती, यांचं गुणोत्तर. जिथे ते गुणोत्तर जास्त, तिथे विरोध किती वाढतो ते पाहिलं की माझा वरचा दावा तुम्हाला स्वतः पडताळता येईल, आणि खोडायचा असेल तर खोडताही येईल.

एक गोष्ट मात्र कोणत्याही तक्त्यात येत नाही. एलएयूएसडीतली जवळपास तीन-चतुर्थांश मुलं लॅटिनो आहेत आणि त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या आईवडिलांना नागरिकत्व नसल्यामुळे मतच नाही. सॅन फ्रान्सिस्कोनं २०१६ मध्ये मतदारांच्याच मंजुरीनं ही सोय केली: तिथे नागरिक नसलेले पालक २०१८ पासून शाळा-मंडळाच्या निवडणुकीत, फक्त त्याच निवडणुकीत, मत देऊ शकतात. लॉस एंजेलिसमध्ये तशी तरतूद नाही. त्यामुळे 'पालकांनी ईई नाकारला' किंवा 'पालकांनी यूएस मंजूर केला' असं वाक्य लिहू नका. मतदारांनी नाकारला, मतदारांनी मंजूर केला, एवढंच म्हणता येतं. आणि त्या मतदारांत शाळेत मूल असलेली घरं किती होती हे तपासायचं असेल तर मतदारयादीतलं वय आणि पत्ता, आणि जिल्ह्याचे शाळानिहाय पटाचे आकडे, हे दोन्ही एकाच जनगणना गटावर आणून ठेवावे लागतील.